पेशंटचा वेळ कुठे जातो? टोयोटाच्या कारखान्यातून रुग्णालयांनी काय उचललं

डिस्चार्जचा दिवस बघा. डॉक्टर सकाळी राउंडला येतात, टाके तपासतात, 'आज घरी जायला हरकत नाही' म्हणतात. तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. घरी फोन जातात, कुणीतरी गाडी घेऊन येतं, पिशव्या भरून होतात. आणि प्रत्यक्षात पेशंट रुग्णालयाच्या दाराबाहेर पडतो संध्याकाळी पाचला. मधल्या साडेसात तासांत झालं काय?

फाईल सिस्टरच्या टेबलावर थांबली, कारण डिस्चार्ज समरी लिहिणारे रेसिडेंट डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. समरी लिहून झाली, तर सहीसाठी थांबली, कारण कन्सल्टंट ओपीडीत अडकले होते. उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, पण तिथे त्यांची नोंद होईपर्यंत बिल बंद करता येत नव्हतं. बिल झालं, ते टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे गेलं. टीपीएने एक जुना रिपोर्ट मागितला, तो शोधायला फाईल पुन्हा वॉर्डात आली. आता यातलं खरं काम मोजा. समरीला वीस मिनिटं, औषधं मोजायला दहा, बिल तपासायला पंधरा, घरी घ्यायची औषधं समजावून सांगायला दहा. सगळं मिळून तास भरत नाही. उरलेला सगळा वेळ ती फाईल कुठल्या ना कुठल्या टेबलावर पडून होती. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी स्ट्रेचरवर, याच बेडची वाट बघत पडलेलं होतं.

गंमत अशी की या सगळ्यात कुणीही रिकामं बसलेलं नव्हतं. रेसिडेंट, सिस्टर, फार्मसिस्ट, बिलिंगवाला, सगळे सकाळपासून राबत होते. प्रत्येक जण कामात आणि पेशंट मात्र खोळंबलेला, हे कसं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याच्या पद्धतीला 'लीन' म्हणतात.

विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं, की रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने कॅशलेस डिस्चार्जची अंतिम मंजुरी दिली पाहिजे. नियम चांगलाच आहे. पण घड्याळ सुरू होतं ते विनंती पोचल्यावर. ती विनंतीच दुपारी दोनला गेली, तर आधीचे साडेचार तास कुठल्याच नियमात येत नाहीत. ते रुग्णालयाच्या आतले आहेत आणि आतूनच सोडवावे लागतात.

घाई नव्हे, खोळंबा कमी करायचा

लीनबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आधीच दूर करायला हवा. लोकांना वाटतं, ही माणसांना पळवायची पद्धत आहे: कमी सिस्टर, जास्त पेशंट, हातात स्टॉपवॉच. तसं जिथे केलं जातं तिथे लीनचं फक्त नाव वापरलं जातं. वर हिशेब केलाच आहे: काम तासाभराचं आणि थांबणं साडेसहा तासांचं. मग समरी वीसऐवजी पंधरा मिनिटांत लिहून घेण्यात काय हशील? हात घालायचा तो साडेसहा तासांना.

पद्धत थोडक्यात अशी. पेशंटच्या बाजूने उभं राहून कामाचा अख्खा प्रवास बघायचा. ज्या पायरीने पेशंटच्या पदरात काही पडत नाही, ती काढायची किंवा आकसायची. हे काम बाहेरच्या सल्लागाराने नव्हे, तर ते रोज करणाऱ्या माणसांनीच करायचं. आणि एकदा करून सोडून द्यायचं नाही, करत राहायचं.

याचं मूळ एका मागात आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. इचलकरंजी किंवा भिवंडीत मागावर उभ्या राहिलेल्या कुणालाही याचं महत्त्व सांगावं लागणार नाही: तुटल्या धाग्यासकट माग चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड खराब. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले. पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवायला घेतल्या. दोष दिसला की तिथल्या तिथे थांबायचं, ही मागातली कल्पना टोयोटाच्या कारखान्यात आली आणि ताईची ओनो या अभियंत्याने तिच्याभोवती पुढची पद्धत उभी केली. वाट पाहणं, विनाकारण चालणं, सामान इकडून तिकडे हलवणं, गरजेपेक्षा जास्त साठा, गरजेपेक्षा जास्त उत्पादन, नको ते सोपस्कार आणि चुका हे वाया जाण्याचे सात प्रकार त्यांनी वेगळे काढले. रुग्णालयात काम करणाऱ्याला ही यादी दाखवा. सातही प्रकारांची उदाहरणं तो जागच्या जागी देईल.

सिएटलचं रुग्णालय

मोटारीच्या कारखान्यातली ही पद्धत रुग्णालयात अगदी मुळापासून रुजवण्याचा सर्वात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या सिएटल शहरात, व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयात झाला. २००० साली डॉ. गॅरी कॅप्लन तिथले प्रमुख झाले. रुग्णालय आर्थिक अडचणीत होतं. २००२ मध्ये कॅप्लन आपल्या वरिष्ठ डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना घेऊन जपानला गेले आणि कारखान्यांत प्रत्यक्ष उभे राहून शिकले. 'आमचे पेशंट म्हणजे मोटारी नव्हेत' ही तक्रार तेव्हा त्यांच्याच डॉक्टरांकडून आली. ती रास्तही होती. पण कॅप्लन यांचं म्हणणं वेगळं होतं: मोटारीच्या एका बोल्टसाठी घेतली जाते तेवढी काळजी आपण औषधाच्या एका डोससाठी घेतो का?

तिथली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कर्करोगाचा एक पेशंट केमोथेरपीसाठी येतो तेव्हा कुठून कुठे जातो, हे त्यांनी रुग्णालयाच्या नकाशावर निळ्या लोकरीच्या धाग्याने मांडलं. नोंदणी, रक्त देणं, डॉक्टर, पुन्हा थांबणं, मग औषध. मजल्यामजल्यांवरून फिरलेला तो धागा बघून खोलीतले लोक गप्प झाले. यातलं एकही ठिकाण त्यांना नवीन नव्हतं. पण सगळी ठिकाणं एका माणसाच्या पायांनी जोडून कुणी कधी बघितलीच नव्हती, आणि तो माणूस आजारी होता. पुढे त्यांनी मांडणी अशी बदलली, की पेशंटने एका जागी राहायचं आणि रक्त घेणारे, तपासणारे, औषध देणारे त्याच्याकडे यायचे.

कॅप्लन यांनी आणखी एक गोष्ट केली. पद्धत सुधारल्यामुळे कुणाची नोकरी जाणार नाही, असं आधीच सांगून टाकलं. हे कलम नसेल तर पुढचं काहीच होत नाही. आपण दोन हेलपाटे वाचवले, तर उद्या आपलंच पद जाईल, अशी भीती ज्या वॉर्डबॉयला किंवा मावशींना आहे, ते ते हेलपाटे तुम्हाला दाखवतील कशाला?

थांबवण्याचा अधिकार

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोष दिसला तर तो दोरी ओढतो, आणि दोष मिटला नाही तर अख्खी साखळी थांबते. व्हर्जिनिया मेसनने २००२ मध्ये हीच सोय रुग्णालयात आणली. पेशंटला इजा होऊ शकेल असं काहीही दिसलं, तर सफाई कामगारापासून सर्जनपर्यंत कुणीही इशारा द्यावा आणि वरिष्ठांनी त्याची लगेच दखल घ्यावी, असं ठरलं. सुरुवातीला असे इशारे थोडेच यायचे. आपल्या सहकाऱ्याचं नाव घ्यायचं, तेही वरिष्ठ डॉक्टरचं, हे जगात कुठेही सोपं नसतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये तिथे एका महिला पेशंटचा मृत्यू झाला. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरच्या उपचाराच्या वेळी तिला क्ष-किरणात दिसणारं द्रव टोचायचं होतं, त्याऐवजी त्वचा स्वच्छ करायचं जंतुनाशक टोचलं गेलं. दोन्ही द्रव बिनरंगी, दोन्ही एकाच टेबलावर, एकसारख्या भांड्यांत. पूर्वी तिथे तपकिरी रंगाचं आयोडीन वापरलं जायचं, त्याच्या जागी बिनरंगी जंतुनाशक आलं होतं. त्या बदलामुळे डोळ्यांना मिळणारा इशाराच नाहीसा झाला होता.

रुग्णालयाने ही चूक झाकली नाही. जाहीरपणे सांगितली, माफी मागितली, आणि पेशंटची सुरक्षितता हेच आपलं पहिलं उद्दिष्ट ठरवलं. त्यानंतर इशारे देणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न असतो, 'हे केलं कुणी?' सिस्टर निलंबित होते, चौकशी समिती बसते, बातमी विरते, आणि त्याच टेबलावर तशीच दोन भांडी उद्याही मांडली जातात. लीनचा प्रश्न असतो, 'चांगला, अनुभवी माणूससुद्धा इथे का चुकला?' उत्तर बहुतेक वेळा मांडणीत सापडतं. सलाईनच्या आणि डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलसारखी दिसणारी, तीव्र पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये का ठेवायची? शिरेतून थेट गेली तर ती हृदय बंद पाडू शकते. 'नीट वाचून द्या' असा फलक लावण्यापेक्षा ती ॲम्प्यूल साध्या वॉर्डातून काढून टाकणं जास्त खात्रीचं. भूल देण्याच्या यंत्रावर नायट्रस ऑक्साईडचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही, कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या ठेवलेल्या असतात. लक्ष ठेवण्यावर विसंबायचं नाही, चूक करताच येऊ नये अशी रचना करायची. सणाच्या दिवशी दोन वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरवर यापेक्षा मोठे उपकार नाहीत.

रांगेचं गणित

आता ओपीडीकडे येऊ. समजा, साठ पेशंटना 'सकाळी नऊला या' असं सांगितलंय. डॉक्टर प्रत्येकाला पाच मिनिटं देतात. शेवटच्या पेशंटचा नंबर लागेपर्यंत दुपारचे दोन वाजत आलेले असतात. डॉक्टर एक क्षणही रिकामे नाहीत, तरी सरासरी प्रत्येकाने जवळपास अडीच तास बाकावर काढले. आता तेच डॉक्टर, तीच पाच मिनिटं, तेच साठ पेशंट. फक्त दर तासाला बारा-बारा जणांना बोलावलं. डॉक्टर तेवढ्याच वाजता मोकळे होतील, पण सरासरी थांबणं अर्ध्या तासाच्या आत येईल. कुणालाही जादा राबवलं नाही, एक पैसा खर्च झाला नाही. डॉक्टर अकराला आले तर मात्र हे सगळं गणित कोसळतं, हेही तितकंच खरं.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे गठ्ठ्याने काम करणं. पहाटे सहाला सिस्टर वॉर्डातल्या सगळ्या पेशंटचं रक्त काढायला घेतात. तीस नळ्या भरून झाल्या, की ट्रे लॅबला जातो. पहिल्या पेशंटची नळी तोवर तासभर पडून असते. सगळ्या वॉर्डांचे ट्रे लॅबमध्ये एकदम येतात, तिथे कोंडी होते, रिपोर्ट येतात दुपारी बाराला. राउंड झालेली असते दहाला. म्हणजे आज बदलायचं औषध उद्याच्या राउंडला बदलतं, आणि पेशंटचा मुक्काम एका दिवसाने वाढतो. पाच-सहा नळ्या झाल्या की लगेच पाठवल्या, तर वॉर्डबॉयच्या फेऱ्या वाढतात, पण रिपोर्ट राउंडच्या आधी हातात येतात. एका टोकाला थोडी गैरसोय वाढली तरी अख्खा प्रवास आखूड होतो. प्रत्येक विभागाने फक्त आपापली सोय बघितली तर ही गोष्ट कधीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट साधी, पण वॉर्डात काम केलेल्यांना मनापासून पटेल अशी. आयव्ही कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी), ग्लोव्हज, सिरिंज यांचा साठा. नेहमीची तऱ्हा म्हणजे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र लिहा, सही घ्या, स्टोअरला पाठवा, वाट बघा. माल वेळेवर येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक सिस्टर कपाटात थोडं 'आपलं' लपवून ठेवते. महिन्याअखेरीस एका वॉर्डात कॅन्युला मुदत संपून फेकल्या जातात, शेजारच्या वॉर्डात नातेवाइकाला बाहेरच्या मेडिकलमधून आणायला धाडतात. त्यावरचा उपाय दोन डब्यांचा. कॅन्युलाचे दोन डबे एकामागे एक ठेवायचे. पुढचा संपला की तो रिकामा डबा ठरलेल्या जागी ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. रिकामा डबा हेच मागणीपत्र. स्टोअरचा माणूस फेरीत येतो, तो भरून परत ठेवतो. ना इंडेंट, ना सही, ना लपवालपवी. फक्त दुसरा डबा संपायच्या आत पहिला भरून आलाच पाहिजे. ते दोन-चार वेळा पाळलं गेलं, की लपवलेला माल हळूहळू कपाटाबाहेर येतो.

इमर्जन्सीच्या दोन वाटा

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरने २००३ मध्ये आपल्या इमर्जन्सी विभागाकडे याच नजरेने पाहिलं. तिथेही पेशंट गंभीरतेनुसार लावले जायचे. अतिगंभीर पेशंटला लगेच बघायचं, यात वाद नाही. गोची मधल्यांची व्हायची. त्यांच्याहून जरा जास्त आजारी कुणी आलं की ते मागे, पुन्हा कुणी आलं की पुन्हा मागे. कंटाळून काही जण न दाखवताच निघून जायचे. त्यांनी प्रश्नच बदलला: हा पेशंट उपचार घेऊन घरी जाईल, की भरती होईल? त्याप्रमाणे दोन वाटा केल्या, प्रत्येकीला वेगळे डॉक्टर-सिस्टर दिले, आणि अतिगंभीर सोडून बाकीच्यांना आल्या क्रमाने बघायला सुरुवात केली. पेशंटचा विभागातला एकूण वेळ कमी झाला आणि न दाखवता परतणारेही घटले.

पैशाचा पेच

एका गोष्टीवर फारसं बोललं जात नाही. वाया जाणारं काम कमी केलं की रुग्णालयाचं उत्पन्नही कमी होऊ शकतं. व्हर्जिनिया मेसनलाच याचा चटका बसला. कंबरदुखीच्या पेशंटचा प्रवास त्यांनी तपासला: तज्ज्ञाची भेट, एमआरआय, पुन्हा भेट, कित्येक आठवडे, आणि शेवटी बहुतेकांना उपयोग झाला तो फिजिओथेरपीचा. मग त्यांनी साध्या कंबरदुखीच्या पेशंटला पहिल्याच दिवशी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बघतील अशी सोय केली. पेशंट लवकर कामावर परतू लागले, एमआरआय बरेच कमी झाले. पण पैसे मिळायचे ते एमआरआयचे, फिजिओथेरपीत रुग्णालयाला घाटा होता. शेवटी ज्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च उचलत होत्या त्या आणि विमा कंपनी यांच्याशी बोलून फिजिओथेरपीचा दर वाढवून घ्यावा लागला.

आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. पेशंट एक दिवस आधी घरी गेला तर नुकसान कुणाचं, याचं उत्तर ज्या रुग्णालयात 'आमचं' असं आहे, तिथे डिस्चार्ज लवकर होण्याची इच्छाशक्ती कुठून येणार? जिथे बाहेर पेशंट बेडसाठी ताटकळत आहेत, तिथे मात्र लवकर मोकळा झालेला बेड दोन्ही बाजूंच्या फायद्याचा.

जिथे फसलं

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताने २०१२ च्या सुमारास अख्ख्या प्रांताच्या आरोग्यसेवेत लीन आणायचं ठरवलं. सल्लागारांशी सुमारे चार कोटी डॉलरचा करार केला. हजारो कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, जपानी शिक्षकांच्या भेटी, ठरावीक मुदतीत ठरावीक कार्यशाळा. काही ठिकाणी चांगले बदल झालेही. पण वॉर्डातल्या सिस्टर विचारू लागल्या, की आम्हाला माणसं कमी पडतात आणि पैसा जातोय कुठे? वादंग वाढलं आणि करार मुदतीआधीच गुंडाळला गेला. माझ्या मते चूक पद्धतीपेक्षा ती वरून लादण्यात होती. व्हर्जिनिया मेसनच्या मंडळींनी स्वतःचं रुग्णालय स्वतः चालून बघितलं होतं. इथे आदेश आला, मग तक्ते भिंतीवर लागले.

आपल्या जवळ

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलं. टोयोटाच्या पुस्तकातून ते निघालेलं नाही, पण तिथलं ऑपरेशन थिएटर बघितलं की लीन डोळ्यांसमोर उभं राहतं. एका सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबलं. एका टेबलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. एक झाली, की मायक्रोस्कोप फिरवून सर्जन दुसऱ्याकडे वळतात. त्यांचे हात भरभर चालत नाहीत, फक्त दोन शस्त्रक्रियांमध्ये रिकामे राहत नाहीत. डोळे तपासणं, पेशंटला तयार करणं, समजावणं ही कामं खेड्यापाड्यांतून निवडून दोन वर्षं शिकवलेल्या मुली करतात. वाचलेल्या वेळातून आणि पैशातून मोठ्या संख्येने पेशंटची शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होते. गरिबासाठी लीनचा अर्थ हा आहे.

आपल्या सरकारी रुग्णालयांत हल्ली केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड दिसतो. मोबाईलने स्कॅन केलं की 'आभा' या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातून नाव-पत्ता जातो आणि टोकन मिळतं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. चांगली सोय आहे, पण खिडकीची रांग ओसरली की तीच माणसं डॉक्टरांच्या दारापुढे जमतात. पाणी नेमकं कुठे अडतंय हे न बघता पाइप भलतीकडेच रुंद केला, तर नळाची धार वाढत नाही. डॉक्टरांपुढचा वेळ वाचवायचा असेल तर त्यांच्या हातून जुना पेपर शोधणं, वजन लिहिणं, त्याच गोळ्या पुन्हा लिहून देणं ही कामं काढावी लागतील. रक्तदाब-मधुमेहाच्या ठरलेल्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणाऱ्यांची रांग वेगळी करावी लागेल.

ज्यांना आपल्या रुग्णालयात सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एवढंच: सॉफ्टवेअर घेऊ नका, समिती नेमू नका. एक वही आणि घड्याळ घेऊन एका पेशंटबरोबर, त्याच्या परवानगीने, दारापासून दारापर्यंत चाला. प्रत्येक ठिकाणी पोचल्याची, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. वही तपासायची पाळी प्रशासकाची एकट्याची नको. त्या टेबलांवर काम करणारे सगळे, अगदी मामा-मावशींसकट, खोलीत बसलेले हवेत, आणि पहिला बदल त्यांनी सुचवलेलाच असावा. आणि ज्या वॉर्डात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत तिथे आधी पदं भरा. तिथल्या सिस्टरला दोन डब्यांची पद्धत शिकवायला जायचं, तर तुमचं ऐकायला तिला वेळ तरी असायला हवा.